जास्वंदीचे मूळ स्थान : भेंडी कुल आणि पॅसिफिक बेटे

सुकापूर (ता. पनवेल, जि. रायगड) येथील अंगणांत व गृहसंकुलांच्या कुंपणालगत लाल जास्वंद सहज दृष्टीस पडते. गणेशपूजनातील मानाच्या स्थानामुळे ती येथलीच, असा समज रूढ आहे. पाठ्यपुस्तके मात्र तिचे मूळ स्थान चीन सांगत आली. लिनियसने १७५३ मध्ये दिलेल्या नावातील ‘रोझा-सायनेन्सिस’ याचा अर्थच ‘चीनचा गुलाब’. परंतु नाव हा पुरावा नव्हे. ही वनस्पती केवळ लागवडीतच ज्ञात आहे. तिला बी क्वचितच धरते. फांदी खोचूनच तिचा प्रसार होतो. ही लक्षणे संकराकडे निर्देश करतात.

जास्वंद ही भेंडी कुलातील, म्हणजे माल्व्हेसीतील. पुंकेसरांची जायांगाभोवती नळी होणे ही या कुलाची ठळक खूण. भेंडी, अंबाडी, कापूस ही तिचीच भावंडे. कोकणच्या खाड्यांकाठचा पारोसा पिंपळही त्यांपैकीच. त्याची बीजे समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरवर जातात. अशा प्रवासामुळे या कुलाच्या अनेक जाती बेटांवर पोहोचल्या व तेथे वेगळ्या झाल्या. हवाई बेटांवरील स्थानिक झुडपांत सुगंधी पांढरी जास्वंद आहे. तेथील पिवळी जास्वंद १९८८ मध्ये राज्यपुष्प ठरली आणि १९९४ मध्ये तिची संकटग्रस्त जातींत नोंद झाली. चरणारी जनावरे, वणवे व परके तण ही तिच्या ऱ्हासाची कारणे होत.

बागेतील लाल जास्वंद ही वानुआतूतील ‘हिबिस्कस कूपेरी’ व ताहितीकडील ‘हिबिस्कस कौटे’ यांचा, पॉलिनेशियन लोकांच्या हातून झालेला संकर असावा, असे मत अलीकडे मांडले गेले आहे. येथे एक अडचण उद्भवते, आणि ती केवळ वनस्पतिशास्त्राची नाही. ताहितीच्या द्वीपसमूहात मानवी वसाहत साधारणतः इ. स. १००० च्या सुमारास झाली, असे पुरातत्त्व सांगते. कालिदासाचा काळ सामान्यतः चौथे-पाचवे शतक मानला जातो आणि ‘मेघदूता’त सायंकालीन लालीला ताज्या जपापुष्पाची उपमा आहे. तेव्हा संकराचे मत ग्राह्य धरल्यास कालिदासाची जपा ही आजची जास्वंद ठरत नाही. दोन्ही एकच मानल्यास संकराचा काळ वा स्थळ तरी बदलावे लागते. टीकाकारांनी ‘जपा’ म्हणजे जास्वंद असे सरसकट लिहिले, तेव्हा हा प्रश्न उपस्थितच झालेला नव्हता. भारतातील जुन्या एकेरी लाल वाणांच्या जनुकांची बेटांवरील जातींशी तुलना आणि संस्कृत ग्रंथांतील जपेच्या वर्णनांची छाननी ही दोन्ही कामे एकत्र झाल्याखेरीज त्याचा निकाल लागणे कठीण आहे.