चढायचं आणि पुन्हा उतरायचं

एव्हरेस्टचा नेपाळकडचा बेस कॅम्प सुमारे 5,360 मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. पाणी 83 अंशांच्या आसपासच उकळतं, डाळीला कुकर लागतोच. शरीराचेही हाल होतात. श्वास वाढतो, कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं. ते सावरायला मूत्रपिंडांना काही दिवस लागतात, तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे. म्हणूनच गिर्यारोहक वरच्या कॅम्पवर राहून पुन्हा खाली येतात. दर फेरीत खुंबूचा हिमप्रपात ओलांडायचा, तोही उन्हानं बर्फ सैल होण्याआधी, अंधारात. पैसे भरून आलेला पाहुणा तिथून मोजक्या वेळा जातो. तंबू, सिलिंडर, शिधा पाठीवर घेतलेला शेर्पा कितीतरी जास्त वेळा. 18 एप्रिल 2014 रोजी तिथं हिमकडा कोसळून 16 जण गेले. सगळे नेपाळी कामगार होते.