तो हट्ट करत नाहीये!

संध्याकाळच्या गर्दीत ठाण्याहून कल्याणची लोकल पकडत असाल, तर हे कधी ना कधी पाहिलं असेल. सात-आठ वर्षांचा मुलगा कानांवर हात दाबून किंचाळतोय आणि आई त्याला घट्ट धरून उभी आहे. कुणीतरी पुटपुटतं, ‘किती लाडावून ठेवलंय!’ आपणही मोबाइलमधून मान वर काढतो आणि बघतच राहतो.

आता जरा त्या मुलाच्या जागी उभे राहा. हॉर्न, अनाउन्समेंट, पंख्याची घरघर, घामाचा वास, पाठीला घासणारी सॅक... आपला मेंदू यातलं बरंचसं मागे ढकलतो, म्हणून तर गर्दीतही रील बघता येतं. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या अनेक मुलांना हे सगळं एकदम अंगावर येतं. ते सहन होईनासं झालं की होतो तो मेल्टडाऊन. हट्ट खाऊ मिळाला की थांबतो. मेल्टडाऊन ओसरेपर्यंत वाट बघावी लागते.

लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ऑटिझमवर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं, तेव्हाच मोठ्या आवाजांना घाबरणाऱ्या मुलांची नोंद केली होती. पण अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या निकषांत या संवेदनांना स्पष्ट जागा मिळायला 2013 उजाडलं.

काही मुलांचं उलट असतं. त्यांच्या शरीराला संवेदना कमी पडतात, म्हणून ती गोल गोल फिरतात, उड्या मारतात, सोफ्यावर स्वतःला झोकून देतात. लागलं तरी सांगत नाहीत. मग आईलाच रात्री हात-पाय तपासून बघावे लागतात.

घरातली लढाई तर कुणाला दिसतच नाही. नखं कापणं, केस कापणं, शर्टाच्या कॉलरमागचं लेबल, भाताला लागलेली भाजी, यातल्या कशानेही दिवस बिघडू शकतो. काही मुलं रात्र-रात्र झोपत नाहीत, म्हणजे आई-बाबाही नाहीत. काहींना दार उघडं दिसलं की धावत सुटायचं असतं. घर रूळांजवळ असेल तर कडी उंचावर बसवावीच लागते. आणि मूल वाढत जातं. पाच वर्षांच्या मुलाला उचलून बाजूला नेता येतं, पण चौदाव्या वर्षी तोच आईपेक्षा उंच झालेला असतो.

मग उपाय? ऑक्युपेशनल थेरपीत झोका, उड्या, अंगावर खोल दाब अशा गोष्टींतून शरीराला शांत व्हायला मदत करतात. काहींना पाणी मानवतं. मुंबईच्या जिया रायला दुसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं आणि पोहणं सुरू झालं ते थेरपी म्हणून. फेब्रुवारी 2021 मध्ये ती वांद्रे-वरळी सी लिंकपासून गेटवेपर्यंत 36 किलोमीटर पोहली, 2024 मध्ये इंग्लिश खाडीही. अर्थात, प्रत्येक मुलाने विक्रम करायची गरज नाही. लोकलमधून शांतपणे घरी पोचणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. पण तो चेहऱ्यावर दिसत नाही. म्हणून ‘हा तर धडधाकट दिसतो’ हे पालकांना ऐकावं लागतं.

आपण काय करू शकतो?

- टक लावून बघू नका, व्हिडिओ तर अजिबात काढू नका.
- फोनचा स्पीकर बंद करा, थोडं सरकून जागा द्या.
- मुलाला हात लावू नका, गाल ओढू नका. आईला हळूच विचारा, ‘काही मदत हवी का?’ ती नको म्हणाली, तर विषय संपला.

आणि तुम्ही एखाद्या मंडळात किंवा ढोल पथकात असाल, तर आणखी एक काम तुमच्याकडे. अचानक सुरू झालेला आवाज या मुलांना सर्वात जड जातो. मिरवणूक किती वाजता, कोणत्या गल्लीतून जाणार, हे आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर टाका. मुलाला आधी सांगायला, कान झाकणारे हेडफोन शोधायला किंवा तेवढ्या वेळेपुरतं मामाकडे जायला त्या घराला एक दिवस मिळेल.