न्हाणीघरात घडलेलं सुवर्णपदक

चालण्याच्या शर्यतीत दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचललेले दिसले, तर पंच स्पर्धकाला बाद करू शकतात. धावायला बंदी आणि वेग मात्र शक्य तितका, अशा पेचातून कमरेला हेलकावे देत चालण्याची ती चमत्कारिक वाटणारी ढब तयार झाली. लोक तिला हसतात. पण तशी ढब सांभाळत 50 किलोमीटर चालणं किती जिकिरीचं असतं, हे इंग्लंडच्या डॉन थॉम्पसनच्या कारकिर्दीवरून कळतं.

थॉम्पसनचा जन्म 1933 चा. तो लंडनमध्ये विमा कंपनीत कारकून होता. मूळचा धावपटू, टाचेच्या दुखापतीमुळे चालण्याकडे वळला. त्या काळी ऑलिम्पिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं, त्यामुळे नोकरी सांभाळून पहाटे सराव करायचा. 1955 पासून लंडन ते ब्रायटन ही सुमारे 52 मैलांची शर्यत त्याने सलग आठ वर्षं जिंकली. जेमतेम साडेपाच फूट उंचीच्या माणसाने!

1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये मात्र उन्हाने घात केला. अंगातलं पाणी आटल्यामुळे शेवटचे काही किलोमीटर उरले असताना तो कोसळला. पुढचं ऑलिम्पिक रोममध्ये, तेही उन्हाळ्याच्या अखेरीस. आणि इंग्लंडात तसा उकाडा आणायचा कुठून? त्याने घरचं न्हाणीघरच तापवलं. हीटर, उकळत्या किटल्या आणि रॉकेलचा स्टोव्ह लावून, जाड ट्रॅकसूट घालून तो आत व्यायाम करी. अर्ध्या तासात चक्कर यायची. ती उष्णतेची नव्हे, स्टोव्हमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडची होती, हे त्याला बऱ्याच वर्षांनी उमगलं. म्हणजे प्रयोग जिवावर बेतणारा होता. कल्पना मात्र शास्त्राला धरून होती. रोज उष्णतेत व्यायाम केला, की आठवड्या-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातून क्षार कमी जातात आणि रक्तातला द्रवभाग वाढतो. आज मोठे संघ यासाठी खास उष्ण कक्ष वापरतात.

7 सप्टेंबर 1960 रोजी रोमच्या उन्हात तो मानेवर कापड लोंबणारी टोपी आणि काळा चष्मा घालून उतरला. शेवटपर्यंत पाठलाग केला तो स्वीडनच्या जॉन ल्युंगग्रेनने. हा 1948 चा विजेता, तेव्हा चाळिशी गाठलेला. थॉम्पसनने 4 तास 25 मिनिटं 30 सेकंदांत शर्यत संपवली. ल्युंगग्रेन अवघ्या 17 सेकंदांनी मागे राहिला. रोममध्ये ब्रिटनला ॲथलेटिक्समध्ये मिळालेलं हे एकमेव सुवर्ण. इटालियन प्रेक्षकांनी त्याला मिकी माऊसचं इटालियन नाव, ‘तोपोलिनो’, देऊन टाकलं.

1962 च्या युरोपियन स्पर्धेत त्याला कांस्यपदक मिळालं, 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये दहावा क्रमांक. तरीही चालणं थांबलं नाही. 1991 मध्ये, वयाच्या 58 व्या वर्षी, तो फ्रान्समधल्या 200 किलोमीटरच्या शर्यतीत ब्रिटनकडून उतरला. 2006 मध्ये त्याचं निधन झालं.