हजेरीपटावरची खोटी नावं

रोजगार हमीच्या कामात पैसा खायला तिजोरी फोडावी लागत नाही, हजेरीपट हाती असला की भागतं. ही योजना मूळ महाराष्ट्राची. वि. स. पागे यांनी ती मांडली, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. केंद्राने 2005 साली देशभरासाठी तसाच कायदा केला.

मजुरी दोन कागदांवर ठरते. हजेरीपट सांगतो, कामावर कोण होतं. मोजमाप पुस्तिका सांगते, माती किती निघाली. एक खोटा ठरला तर दुसऱ्याने तो पकडावा, अशी ही रचना. म्हणून खाणाऱ्याला दोन्ही कागद जुळवावे लागतात. जेसीबीने दोन रात्रींत तळं खोदायचं, हजेरीपटावर गावातली नावं भरायची आणि त्या नावांना पुरेल एवढं माप अभियंत्याकडून लिहून घ्यायचं.

मजुरी थेट खात्यात जाऊ लागली, तेव्हा खातेदारालाच सामील करून घेतलं गेलं. न केलेल्या कामाचे पैसे तो काढतो, थोडे ठेवतो, बाकीचे परत करतो. जो उद्या साक्ष देऊ शकला असता, तोच आता वाटेकरी. त्यामुळे ग्रामसभेत कुणी तोंड उघडत नाही.

ज्याला खरोखर काम हवं होतं, त्याचं काम यंत्राने खाल्लं. तो ऊसतोडीला निघून जातो. तालुक्याला मात्र कागदावर भरपूर रोजगार दिसतो, आणि पुढच्या वर्षीचा आराखडा त्याच आकड्यांवर उभा राहतो. खोट्या मापावर सही न करणाऱ्या अभियंत्याच्या कामांची बिलं अडतात. बाकीचे ते पाहून शहाणे होतात.

यावरचा उपाय राजस्थानातल्या मजुरांनी दाखवला. मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर 1994 मध्ये कोटकिराना गावात जनसुनवाई घेतली. सरकारी नोंदी सगळ्यांसमोर वाचल्या आणि खरं-खोटं गावालाच विचारलं. माहिती अधिकाराच्या चळवळीला तिथून बळ मिळालं. 2005 च्या रोजगार कायद्यात ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षणाची तरतूदही आली.

नंतर मोबाइलवरून फोटोसह हजेरी आली. जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावं लागलं की, फोटोचाच फोटो काढून हजेरी लावली जाते आहे. फोटो पाहणारा कामाच्या जागेपासून दूर बसलेला असेल, तर त्याला चेहरे ओळखीचे नसतात. गावाला असतात. म्हणून हजेरीपट आणि मोजमाप पुस्तिका यांच्या प्रती माहिती अधिकारात मागाव्यात, नावं ग्रामसभेत मोठ्याने वाचावीत आणि टेप घेऊन तळ्यावर जावं.