बंड्या आणि वाळूचा ट्रे

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला की लसीकरण, बालकांचा ताप किंवा आहार यांपैकी एखादा विषय मी आजवर देत आले. यंदाचा विषय मांजराचा आहे. आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून आता मांजरे बरीच दिसू लागली आहेत आणि ‘मांजर ट्रे सोडून भलतीकडे लघवी करते, काय करावे?’ असे मला दवाखान्यातही विचारले जाते. मी पशुवैद्य नाही. जे सांगणार आहे ते आमच्या घरी चुका करून शिकलेले आणि नंतर जाणकारांकडून तपासून घेतलेले आहे.

आमचा बंड्या हा बोका. कन्येने त्याला पिल्लू असताना आणले, सहाव्या महिन्यात त्याची नसबंदी करविली आणि पुढे ती शिक्षणासाठी पुण्यास गेली. तोवर तो वाळूच्या ट्रेमध्ये इतक्या शिस्तीने जात असे की आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगत असू. दिवाळीपूर्वी घरास रंग देण्याचे काम निघाले, ट्रे हलवून कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी ठेवला गेला आणि आठवड्याभरात बंड्याने प्रथम पायपुसणे, मग धुवायच्या कपड्यांचा ढीग आणि अखेरीस सासूबाईंची गोधडी ओली केली. सासूबाईंचे सोवळे कडक नसले तरी गोधडी ही त्यांच्या आईच्या हातची होती. ‘एक तर तो राहील, नाही तर मी,’ इथवर गोष्ट गेली. मी त्याला रागावले, एकदा तर मानेला धरून ओल्या जागेपाशी त्याचे नाकही नेले.

हे लिहिताना मला संकोच वाटतो. गेली पंचवीस वर्षे मी मातापित्यांना सांगत आले आहे की अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला रागावू नका. पाचव्या वर्षी शंभरांतील सुमारे पंधरा मुले रात्री अंथरूण ओले करतात; त्यांत खोडी नसते. आणि सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा ओले करू लागले, तर आम्ही आधी लघवी तपासतो, मधुमेह नाही ना हे पाहतो आणि मग विचारतो : घरी नवे बाळ आले का? शाळा बदलली का? बंड्याची कहाणी नेमकी या दुसऱ्या प्रकारातली होती आणि मी मात्र पहिल्याच पायरीवर शिक्षा देऊन मोकळी झाले. (उपमा फार ताणू नये. मूल झोपेत ओले करते, मांजर जागेपणी जागा निवडते. पण ते सूड म्हणून निवडते, हा आपला ग्रह आहे.)

एका संध्याकाळी तो तासाभरात सहा वेळा ट्रेमध्ये जाऊन बसला आणि दर वेळी दोन-चार गुलाबीसर थेंब टाकून उठला, तेव्हा कोठे माझ्यातील डॉक्टर जागी झाली. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या आमच्या एका स्नेह्यांनी त्याचे पोट चाचपले. मूत्राशय लहान, रिकामे आणि दुखरे होते. लघवीत जंतू नव्हते. तरुण मांजरांत जंतुसंसर्ग तसा विरळाच. निम्म्याहून अधिक रुग्णांत मूत्राशयाचा दाह आढळतो, त्याचे एकच कारण सापडत नाही आणि ताणाशी त्याचा निकटचा संबंध असतो. रंगाचा वास, अनोळखी माणसे, कन्येची अनुपस्थिती आणि नैसर्गिक विधीच्या वेळी शेजारी गरगरणारे यंत्र, एवढे त्याला पुरेसे होते. ट्रेमध्ये वेदना होते असे एकदा मनाशी जुळले की मांजर ट्रेच टाळते आणि मऊ जागा शोधते.

निघताना त्यांनी जे सांगितले ते प्रत्येक बोका पाळणाऱ्याने लक्षात ठेवावे. नराची मूत्रनलिका अरुंद असते. खडा, स्फटिक किंवा चिकट स्रावाची गुठळी तिच्यात अडकू शकते. बोका कुंथतो, ओरडतो, लिंग चाटत राहतो, पण थेंबही येत नाही आणि मूत्राशय फुगून कठीण होते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. रक्तातील पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकते. पुष्कळांना हे बद्धकोष्ठ वाटते आणि वेळ निघून जातो.

उभ्याने, शेपूट थरथरवीत भिंतीवर फवारा मारणे हा वेगळा प्रकार होय. ती हद्दीची खूण असते आणि बहुतेक नरांत नसबंदीने ती थांबते. बंड्या खाली बसून करीत असे.

वेदनाशमन पशुवैद्यांनी केले, उरलेले काम घराचे होते. जितकी मांजरे त्याहून एक ट्रे अधिक, या नियमाने दोन ट्रे ठेवले : एक जुन्या जागी, दुसरा गॅलरीच्या शांत कोपऱ्यात, दोन्ही अन्नपाण्यापासून दूर. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट असावा. आम्ही उथळ टबच वापरला. वाळू बारीक, बिनवासाची, दोन इंच जाड. गोळे रोज काढायचे. खाण्यात ओले अन्न वाढविले आणि पाण्याची भांडी तीन ठिकाणी ठेवली.

ओल्या जागेचा वास नुसत्या पाण्याने जात नाही. लघवीतील यूरिक आम्लाचे क्षार चिकटून राहतात आणि पावसाळी हवेत पुन्हा दरवळतात. एन्झाइमयुक्त द्रावण उपयोगी पडते. अमोनिया वापरल्यास तेथे लघवीचाच वास आहे असे मांजराला वाटू शकते. फिनाइल मात्र घरातून हद्दपार करावे.

त्यामागील कारण आपल्या व्यवसायबंधूंना रंजक वाटेल. नवजात अर्भकाच्या यकृताची ग्लुकुरोनाइड जोडण्याची शक्ती अपुरी असते; क्लोरॅम्फेनिकॉलने बाळे राखाडी पडत, हे आपण शिकलो आहोत. मांजरात ही उणीव फिनॉलवर्गीय द्रव्यांच्या बाबतीत जन्मभर राहते. म्हणून पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. डॉक्टरांच्या घरी कपाट हाताशी असते आणि मोह होतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

बंड्या तीन आठवड्यांत सुधारला. गणपतीत घर पाहुण्यांनी भरले तेव्हा त्याने पुन्हा एकदा पायपुसणे ओले केले. दवाखान्यात फोन आला तो सासूबाईंचा : ‘अगं, तो दोनदा ट्रेमध्ये जाऊन आलाय. वाळू ओली झालेली दिसत नाही. तू येतेस की मीच रिक्षा करून नेऊ त्याला?’