जुनी पिकअप चढाला दम टाकते? धुराची वाट तपासा



भाजीपाला वेळेवर बाजारात पोचावा म्हणून आपल्यापैकी बरेचजण जुनी पिकअप घेतात. मोकळी गाडी ठीक पळते, पण माल भरून चढाला लागली की ओढत नाही. एअर फिल्टर बदलला, पेट्रोलचा फिल्टर पाहिला, क्लच तपासला, तरी फरक नाही. अशा वेळी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तपासून घ्यावा. येथील माहिती पेट्रोल व सीएनजी गाड्यांसाठी आहे.

हा भाग काय करतो?

इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये धुराच्या नळीत हा डबा असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा पातळ थर असतो. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल यांचे इथे कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते. जाळी वितळली किंवा बुजली की धूर कोंडतो. जुना धूर बाहेर गेला नाही तर इंजिन नवी हवा घेणार कशी? मग गाडीची ताकद जाते आणि पेट्रोल जास्त लागते.

तपासणी अशी करा

१. गाडी पूर्ण थंड असताना डब्यावर रबरी हातोडीने हलके ठोका. आतून खुळखुळ आवाज आला तर जाळी फुटली समजा. वरचा संरक्षक पत्रा सैल नाही ना, हे आधी पाहा.

२. गाडी सुरू करून रेस द्या. नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हात धरा. धुराचा झोत मंद लागला तर संशय घ्या.

३. चेक इंजिनचा दिवा लागत असेल तर स्कॅनर लावून घ्या. 'पी ०४२०' हा कोड कन्व्हर्टर कमी काम करतो असे सांगतो. पण सेन्सर बिघडला किंवा नळी फुटली तरी हाच कोड येतो. नुसत्या कोडवर डबा बदलू नका.

४. खात्रीची परीक्षा दाबाची. मिस्त्री पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे गेज लावतो. ठिबकच्या फिल्टरजवळ आपण दाब पाहतो, तसेच हे. इंजिन २,५०० फेऱ्यांवर असताना दाब ३ पीएसआयच्या वर गेला तर धुराची वाट तुंबली आहे.

आधी मूळ रोग काढा

कन्व्हर्टर सहसा आपोआप मरत नाही. प्लग किंवा कॉईल खराब होऊन इंजिन मिसिंग करते, तेव्हा कच्चे पेट्रोल डब्यात जाऊन जळते आणि जाळी वितळते. इंजिन ऑईल खात असेल तर जाळीवर राख बसते. हे दुरुस्त न करता नवा डबा बसवला तर तोही जाईल आणि पैसा पाण्यात.

डबा काढून रिकामी नळी बसवा, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. धुराच्या नियमभंगासाठी २०१९ च्या कायदा दुरुस्तीत १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

लक्षात ठेवा

• चाललेल्या गाडीचा हा डबा अतिशय तापतो. वाळलेले गवत, कडबा, पाचट यांवर गाडी उभी करू नका. आग लागते.
• बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. विषारी वायूला वास नसतो.
• जुनी गाडी घेताना इसार देण्याआधी माल भरून चढावर चालवून पाहा.