सारण आणि शिल्लक

गणेशचतुर्थीच्या दिवशी, नैवेद्याची वेळ टळू नये म्हणून सकाळपासून चाललेली धावपळ निवत आलेली असते, मोदकपात्रातून शेवटची चाळणी उतरत असते, आणि अशा वेळी ओट्याकडे नजर टाकली तर एक तर पातेल्याच्या बुडाशी ओल्या नारळाचे सारण उरलेले दिसते, नाही तर परातीत उकडीचा गोळा राहिलेला असतो. दोन्ही एकाच वेळी संपली असे मी आजवर पाहिलेले नाही. आणि रत्नागिरीकडच्या आमच्या घरी ज्यांच्या हाताखाली मी हे सारे शिकले त्या थोरल्या काकूंनीही, अवघा जन्म चुलीपुढे काढून, ते कधी पाहिले नव्हते. "उकड उरली तर निवगऱ्या, सारण उरलं तर वड्या, आणि दोन्ही उरली तर शेजारच्यांना हाक मारा," असे त्या सांगत. आवरण आणि सारण यांच्या या नित्याच्या विषम जमाखर्चातूनच आपल्या सणासुदीचे पुष्कळसे पदार्थ जन्माला आले असावेत, असे माझे मत त्यांच्या या वाक्याने बनले, आणि पुढे जितके पाहिले व केले तितके ते पक्के होत गेले.

पुरण हा शब्द संस्कृत 'पूरण' म्हणजे भरणे यापासून आलेला; म्हणजे पदार्थाचे नावच मुळी क्रियेवरून पडलेले आहे. आत काहीतरी भरून पक्वान्न सिद्ध करण्याची ही विद्या आपल्याकडे प्राचीन. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी 'भोजनकुतूहल' लिहिले. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत मुदपाकखान्याला जागा होती. आणि छापखान्याच्या युगात १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' आणि १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' अशी पुस्तके मराठी घरांत आली. जिन्नस आणि मापे अशा ग्रंथांतून मिळू लागली. शिलकेचा व्यवहार मात्र बहुतांशी तोंडीच चालत आला, सासूकडून सुनेकडे आणि आईकडून लेकीकडे, आणि म्हणूनच तो लिहून ठेवण्याची मला निकड वाटते.

सारणांत अग्रमान पुरणाचा. हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात इतकी शिजवावी की बोटांच्या चिमटीत तिचे पीठ व्हावे. मग ती चाळणीत उपसून, पाणी खाली निथळू देऊन, कच्च्या डाळीच्या मापाइतकाच चिरलेला गूळ तीत घालावा. हा क्रम मोडून चालत नाही. गुळातील साखर आणि चुना या दोहोंमुळे डाळीचे मऊ होणे अडते, आणि गूळ आधी पडला की मग चूल कितीही पेटती ठेवली तरी दाणा कणीदारच राहतो. कठीण पाण्याच्या विहिरीवर डाळ शिजत नाही अशी जुन्या बायकांची तक्रार असे, तिचेही मूळ पाण्यातील चुन्यातच आहे. गूळ विरघळला की मिश्रण प्रथम पातळ होते, आणि नवशिकी येथेच घाबरते; पण मंद आचेवर ढवळीत राहिले म्हणजे ते हळूहळू आळते, कडा सोडू लागते, आणि मध्यभागी रोवलेला डाव पडेनासा झाला की पुरण झाले असे समजावे. ते गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावे किंवा पाट्यावर वाटावे, कारण निवल्यावर ते घट्ट होऊन हाताला जुमानत नाही. वेलदोडा आणि जायफळ शेवटी, उतरवताना. आधी घातले तर त्यांचा सुवास वाफेबरोबर निघून जातो.

पोळी फुटते तेव्हा दोष सामान्यतः लाटणाऱ्या हाताचा मानला जातो, पण तो बहुधा हाताचा नसून मेळाचा असतो. कणीक आणि पुरण यांचा मऊपणा एकसारखा असला म्हणजे लाटण्याखाली दोन्ही एकाच गतीने पसरतात. कणीक ताठ राहिली तर पुरण तिला फाडून बाहेर येते, आणि पुरण ताठ राहिले तर ते मध्येच गोळा होऊन बसते व कडा कोरड्या निघतात. म्हणून कणीक सैल भिजवून, तेल लावून, चांगली तिंबून निदान दोन तास झाकून ठेवण्याचा दस्तूर आहे; त्या अवधीत तिच्यातील चिवटपणाचा ताण उतरतो आणि ती ताणाल तितकी ताणू लागते.

आता हे एकच पुरण सणागणिक कसकसे वेष पालटते ते पाहण्यासारखे आहे. होळीला ते तव्यावरची पोळी होते. नागपंचमीस चिरणे, तळणे आणि चुलीवर तवा ठेवणे वर्ज्य, म्हणून त्या दिवशी तेच पुरण पोळीत चौकोनी दुमडून वाफवतात आणि त्यास दिंड म्हणतात. निषेधातून एक स्वतंत्र पदार्थ निर्माण झाल्याचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही. कढईत पडले की त्याचे कडबू होतात. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा करून आई मुलांना ओवाळते ते पुरणाच्या दिव्यांनी, आणि ओवाळून झाल्यावर ते दिवे मुलांच्याच पानात पडतात. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरण भरलेला मांडा लाटण्याशिवाय, केवळ दोन्ही हातांवर फिरवीत फिरवीत पातळ केला जातो आणि उपड्या खापरावर भाजून आमरसाबरोबर वाढला जातो. तो हातांवर फिरताना पाहणे हा एक विलक्षण अनुभव आहे, आणि ज्या बायका तो करतात त्यांच्या कौशल्यापुढे मी नेहमीच नतमस्तक झाले आहे.

शिलकेकडे वळावयाचे तर तिचा आरंभ डाळ उपसल्याबरोबरच होतो. खाली निथळलेले पाणी तो कट, काही ठिकाणी त्यास येळवणी म्हणतात. चिंच, गूळ, गोडा मसाला, भाजून वाटलेले सुके खोबरे आणि झणझणीत फोडणी यांनी त्याची आमटी होते, आणि तिच्या अंगी दाटपणा यावा म्हणून चमचाभर पुरण तीत सोडावे लागते. अशी ही आमटी दुसऱ्या दिवशी अधिक रुचकर लागते, हे मराठी घरात कोणाला सांगावयास नको. उरलेल्या पुरणाचे छोटे लाडू वळून, तांदळाच्या आणि उडदाच्या पातळ पिठात बुडवून तळले की आंध्रातील 'पूर्णालु' तयार होतात. गोवा-कारवारकडे सुकरुंडे म्हणून जो पदार्थ करतात तो याच कुळातला, त्यात खोबरे अधिक पडते इतकेच. आणि अगदी थोडे उरले असेल तर गरम दुधात कालवून, वर तुपाची धार धरून त्याची खीर करावी. आजाऱ्याला चालत नाही, पण मुलांना फार आवडते.

ओल्या नारळाच्या सारणाचे प्रकरण अधिक नाजूक. दोन वाट्या खवलेल्या नारळास एक वाटी गूळ, हे सर्वमान्य माप. खोवताना करवंटीजवळचा काळपट भाग येऊ देऊ नये, आणि गूळ विरघळून पाक खोबऱ्यात मुरेपर्यंतच मिश्रण आचेवर ठेवावे. लवकर उतरवले तर पाक सुटून मोदक खालून फुटतो. उशीर झाला तर निवल्यावर सारण दाताला चिवट लागते. भाजलेली खसखस थोडी घातली तर ती सुटलेला पाक शोषून घेते, हे तिचे खरे प्रयोजन. चव हा वरचा लाभ. वरच्या आवरणासाठी तांदळाच्या पिठीची उकड काढावी लागते, कारण तांदळात गव्हासारखा चिवटपणा नाही. उकळत्या पाण्यात पिठीतील सत्त्व फुगून चिकट होते, आणि मग मीठ-तुपाच्या हाताने ती गरम असतानाच मळली म्हणजे तिला पाकळ्या घेण्याजोगा लवचिकपणा येतो. उरलेल्या उकडीत जिरे, वाटलेली हिरवी मिरची आणि कोथिंबीर मळून, चपट्या थापून वाफवल्या की निवगऱ्या. कच्चे तेल किंवा दही घेऊन त्या खाव्यात. दिवसभर गोड खाल्लेल्या जिभेला त्यांच्यासारखे दुसरे समाधान नाही.

हेच सारण किनाऱ्याने दक्षिणेस सरकत जाते तसे त्याचे संसार वाढत जातात. हळदीच्या पानावर तांदळाचे वाटण पसरून, वर सारण घालून, पान दुमडून वाफवले की पातोळ्या. वाफेने पानाचा जो सुगंध पिठात उतरतो तो अन्य कोणत्याही मसाल्याने साधत नाही. कोकणात आणि गोव्यात हिंदू घरी त्या नागपंचमीस होतात. आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टला, मारियेच्या स्वर्गारोहणाच्या सणास, त्याच पानांत, त्याच माडाच्या गुळाने केलेल्या पातोळ्यांचा मान असतो. नाताळच्या फराळातही नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच, असतात. गोव्यात या खोबरे-गुळाच्या मिश्रणास चून म्हणतात, आणि ते पातळ धिरड्यात गुंडाळले की त्याचे आलेबेले होतात. मालवणकडे सात कापांचे घावन करतात: एका घावनावर सारण पसरून ते दुमडावयाचे, त्यास लागून पुन्हा पीठ ओतावयाचे, पुन्हा सारण, पुन्हा दुमड. धर्म वेगळे, पंचांगे वेगळी, पण पातेल्यातील सारण एक. या गोष्टीने मला नेहमीच मोठा धीर दिला आहे.

तिखट सारणांविषयी थोडेच लिहिते, कारण त्यांचा विस्तार स्वतंत्र लेखाचा आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगाव भागात मासवडी करतात; भाजलेले तीळ, सुके खोबरे, लसूण, कांदा, कोथिंबीर यांचे सारण शिजवलेल्या बेसनाच्या थापलेल्या पोळीत गुंडाळून तिला माशासारखा आकार देतात, आणि उरलेले सारण सरळ रश्श्यात जाते, म्हणजे वडी आणि रस्सा यांची चव आपोआप एका गोत्राची होते. नागपूरकडील सांबारवडीचे, म्हणजे कोथिंबीर-खोबऱ्याच्या पुडाच्या वडीचे सारण उरले तर दुसऱ्या दिवशी थालीपिठात घालावे.

राहता राहिली दिवाळीची करंजी. तिचे सारण कोरडे, आणि त्यामागे पूर्ण विचार आहे. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मे पाणी असते, सुक्यात ते शंभरात सहा-सात भागांवर येते. म्हणून ओल्या नारळाची करंजी दुसऱ्या दिवशीच आंबूस होऊ लागते आणि सुक्या खोबऱ्याची पंधरा दिवस डब्यात राहते. खोबरे किसून मंद आचेवर, रंग जेमतेम बदलेपर्यंत भाजावे; खवट वाटीचा एक तुकडाही सबंध सारण नासवतो, म्हणून प्रत्येक वाटी आधी चाखून पाहावी. खसखस, रवा, चारोळी वेगवेगळी भाजून, सर्व पुरते निवल्यावर पिठीसाखर मिसळावी; गरमावर मिसळली तर साखरेला पाणी सुटते आणि करंजी आतून नरम पडते. इतका बंदोबस्त करूनही शेवटच्या करंजीचे कातण फिरले की परातीत दोन-तीन वाट्या सारण उरतेच.

आमच्याकडे ते डब्यात भरून भाऊबिजेपर्यंत ठेवीत. त्या दिवशी दुपारी, ओवाळणी आटोपल्यावर, काकू त्यात किसलेला मऊ गूळ आणि तुपावर भाजलेले थोडे बेसन मळून घेत, म्हणजे सुटे सारण धरून राही, आणि त्याच्या पातळ, खुसखुशीत पोळ्या लाटून कोरड्या भाजत. आठ दिवस टिकणाऱ्या त्या पोळ्या केळीच्या वाळल्या पानात बांधल्या जात आणि सासरी परत निघालेल्या माझ्या आत्यांच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवल्या जात, एस. टी. घाट चढून जाईपर्यंत त्या पानाचा वास पिशवीतून येत राही, असे आत्या सांगत.